अर्ध्या हळकुंडाने

‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणे’ हा वाक्प्रचार सांगलीच्या मार्केट यार्डातच जन्मला असणार, अशी माझी गेल्या वर्षापासून खात्री झाली आहे. कारण मी झालो.

दुबईतल्या भाच्याच्या मित्राचं किराणा दुकान आहे. त्याला पाचशे किलो हळकुंडं हवी होती. भाचा म्हणाला, "मामा, फक्त आयईसी काढा, बाकी काही नाही." आयईसी म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा दहा अक्षरी नंबर, जो हल्ली आपला पॅन नंबरच असतो. ऑनलाइन अर्ज केला, पाचशे रुपये भरले आणि संध्याकाळी नंबर ईमेलवर हजर. मी गल्लीत भडंग वाटलं. शेजारच्या बेदाणेवाल्यानं एक मूठ तोंडात टाकून विचारलं, "एडी कोड झाला का?"

"तो काय असतो?"

"मग आणखी एक मूठ द्या," तो म्हणाला.

एडी कोड म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकशाखेनं द्यायचा आकडा. तो कस्टमच्या पोर्टलवर बंदराच्या नावे नोंदवल्याशिवाय माल हलत नाही. आमच्या शाखेत मागितला, तर खिडकीतल्या बाईंनी न बघताच सांगितलं, "एटीएम कार्ड पलीकडं." चौथ्या खेपेला योग्य टेबल सापडलं, पण सही जुळेना. खातं १९९८ सालचं. तेव्हा मी तरुण होतो आणि नावाखाली दोन रेघा आणि एक कोंबड्याची शेपटी काढायचो. साहेब म्हणाले, "तीच करा." मग बाकावर बसून स्लिपच्या पाठीमागं अर्धा तास मी स्वतःचीच सही गिरवत होतो. शेजारचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "कुणाची करायलाय?"

पुढं जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता माल पाठवतो पण पाठवतोच, असं लिहून देणं. मग अन्न परवाना. मग मसाला बोर्डाची नोंदणी. त्याचं मुख्यालय कोचीला. हळद मसाल्यात मोडते आणि बेदाणा अपेडाकडं, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेकडं, हे मला अपेडाचा फॉर्म अर्धा भरून झाल्यावर कळलं.

सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, त्याच्या ऑफिसातला पोरगा रोज फोन करायचा. एकदा घाईत म्हणाला, "काका, फायटो पाठवा, अर्जंट." मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पोत्यांशेजारी उभा राहून पाठवला. पाच मिनिटं शांतता. मग मेसेज आला, "काका, फोटो नाही, फायटो. मालात कीड नाही असं सरकारी प्रमाणपत्र." खाली आणखी एक ओळ होती, "फोटो छान आलाय."

मूळ देशाच्या प्रमाणपत्रानं तर कहर केला. अमिरातींशी २०२२ च्या मे महिन्यापासून व्यापार करार लागू आहे. त्याची सवलत हवी तर माल भारतातच पिकला, हे दाखवावं लागतं. मी छाती फुगवून मालाच्या वर्णनात ‘सांगलीची सेलम’ असं कळवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं मानांकन मिळालंय, फुगणारच की.

"काका, सेलम तमिळनाडूत आहे. सांगली का सेलम, एक काय ते ठरवा."

"जात सेलम, गाव सांगली."

"मग राजापुरी लिहू? ती पण तुमच्याकडची ना?"

"हो, पण राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात."

"काका, तुमच्या हळदीला सांगलीत कुणी ओळखतं का?"

ओळखतं की. यार्डात अडत्या ढिगातून एक हळकुंड उचलतो, मोडतो, कट्ट आवाज ऐकतो, आतला रंग बघतो. झाली तपासणी. अर्ज नाही, फी नाही, पासवर्ड नाही. पण तो कट्ट आवाज पीडीएफमध्ये जोडता येत नाही.

एवढं झाल्यावर पॅलेट उगवले. पोत्यांखालच्या लाकडी फळ्यांना किडीचा धोका, म्हणून लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवायचं आणि वर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारून घ्यायचा. हळदीच्या अंगावर एक शिक्का नाही, फळ्यांवर मात्र ठसठशीत. आईनं चष्मा लावून तो नीट बघितला. म्हणाली, "नवरीपेक्षा पाटाचंच कवतिक व्हय रं?"

सातव्या महिन्यात माल न्हावा-शेवा बंदराला निघाला. मूळ कागद कुरिअरनं पाठवायचे होते. आदल्या दिवशी त्या पोराला नमुना म्हणून फायटोचा फोटो पाठवला. या वेळी फायटोचाच.

"काका, कोपऱ्यात पिवळं काय आहे?"

बघितलं, तर माझा अंगठा. अख्खा, रेषांसकट.

"हळद आहे."

"ओरिजिनलवर? काका, पुसा ते!"

पुसलं, तर पसरलं. आई म्हणाली, हळदीचा डाग उन्हात जातो. तेव्हा आत्ता गच्चीवर चटई टाकून, चारी कोपऱ्यांवर चार हळकुंडं ठेवून, भारत सरकारचं प्रमाणपत्र वाळत घातलंय. आई काठी घेऊन राखणीला बसली आहे. कुरिअरवाला पाचला येतोय आणि आभाळ भरून यायला लागलंय.