फुटबॉल खेळून शत्रूच्या कैदेतून कसे निसटावे

महायुद्धात शत्रूच्या हाती सापडण्याचा योग आपल्या पत्रिकेत असेलच, तर घाबरून जाऊ नये. फक्त छावणीत आपल्याबरोबर कोण कोण आहे, याची चौकशी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. जॉन ह्यूस्टन यांच्या १९८१ च्या ‘एस्केप टू व्हिक्टरी’ या चित्रपटातील जर्मन छावणी या बाबतीत आदर्श मानायला हरकत नाही. तिथे साक्षात पेले त्रिनिदादचा सैनिक होऊन बसलेला आहे, इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक मिळवून देणारा कर्णधार बॉबी मूर आहे, अर्जेंटिनाचा अर्डिलेस आहे, आणि उरलेल्या जागा भरायला इप्सविच टाउन क्लबची निम्मी पलटण आहे. पेलेचा जन्म १९४० चा, म्हणजे युद्ध संपले तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता, असली शंका काढू नये. चांगला फॉरवर्ड मिळत असताना जन्माचा दाखला मागायचा नसतो.

संघ जमला की मागण्या सुरू कराव्यात. चित्रपटातला जर्मन मेजर फॉन स्टायनर हा स्वतः जुना खेळाडू, त्यामुळे कैदी विरुद्ध जर्मन अशा सामन्याची कल्पना त्याच्याच डोक्यातून निघते, आणि ती ऐकल्याबरोबर कर्णधार कोल्बी, म्हणजे मायकेल केन, बरे अन्न, बूट, गणवेश आणि खेळाडूंसाठी वेगळी बराक अशी यादी त्याच्यापुढे ठेवतो. आपणही संकोच करू नये. युद्धकैद्यांच्या खेळांना उत्तेजन द्यावे असे १९२९ च्या जिनेव्हा करारातच लिहिलेले आहे. कराराची प्रत हाताशी ठेवावी आणि अंड्यांचा विषय तिच्या आडून काढावा. स्वतःच्या वयाची किंवा सुटलेल्या पोटाची चिंता नको. केन यांनी चाळिशी केव्हाच ओलांडलेली होती, तरी त्यांना मैदानात उतरण्यापासून कोणी अडवले नाही.

खरी अडचण शत्रूची नसून आपल्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांची असते. आधी ते शत्रूशी खेळणे हीच गद्दारी ठरवतात, आणि सामना पॅरिसला होणार असे कळताच त्याच सामन्यातून पळून जाणे हे आपले कर्तव्य ठरवतात. दोन्ही वेळा चेहरा तितकाच गंभीर असतो.

आता गोलरक्षकाविषयी. ज्याला फुटबॉलमधले काहीही कळत नाही त्याला गोलमध्ये उभे करावे, हा आपल्या शाळांच्या मैदानावरचा नियम हॉलिवूडनेही पाळलेला आहे. म्हणून ती जागा सिल्व्हेस्टर स्टॅलोनला मिळते. मात्र त्याच्यासाठी ती रिकामी करावी लागते. मूळ गोलरक्षकाचा हात मोडला आहे अशी थाप मारलेली असते आणि जर्मन डॉक्टर तो तपासणार असतो, तेव्हा थाप खरी करण्याखेरीज उपाय उरत नाही. तो बिचारा मुलगा मुकाट्याने दोन खाटांच्या मधोमध हात आडवा धरतो, सोबती त्याला घट्ट पकडून ठेवतात, आणि त्याचाच कर्णधार त्या हातावर बूट हाणतो. सगळ्या चित्रपटात युद्ध म्हणून जर काही दिसत असेल तर ते या अर्ध्या मिनिटात. आपण संघात दुसऱ्या क्रमांकाचे गोलरक्षक असाल तर चिंतेचे कारण नाही. पहिल्या क्रमांकाचे असाल तर आजारी पडून पाहावे.

यानंतर येते मध्यंतर. ४-१ अशी पिछाडी, पंच उघडउघड जर्मनांचा, पेलेच्या बरगड्या दुखावलेल्या, आणि न्हाणीघराच्या जमिनीला फ्रेंच क्रांतिकारकांनी खालून पाडलेले भगदाड. भुयार तयार, माणसे तयार, गटारातून पुढची वाटही तयार. अशा वेळी सर्वसामान्य मनुष्य काय करील ते सांगायला नको. आमच्या मावशीने तर टीव्हीसमोर बसल्या बसल्या ओरडूनच सांगितले होते, “अरे मेल्यांनो, भोक पडलंय, जा की!” पण आपण सर्वसामान्य नाही. सामना आपण अजूनही जिंकू शकतो असे कोणीतरी म्हणावे, आणि ज्यांनी रात्रंदिवस ते भुयार खणले त्यांच्याकडे पाठ फिरवून सगळ्यांनी पुन्हा मैदानात जावे. तिथे पेले ओव्हरहेड किक मारतो, फॉन स्टायनर आपल्या वरिष्ठांच्या देखत उठून टाळ्या वाजवतो, स्टॅलोन पेनल्टी अडवतो, सामना ४-४ असा सुटतो, आणि प्रेक्षक मैदानात घुसून खेळाडूंच्या अंगावर आपले कोट चढवत त्यांना दाराबाहेर काढतात.

सामना कुठे आहे, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. पॅरिस चालेल; चित्रीकरण बुडापेस्टला झाले असले तरी चालेल. पण कथेचे मूळ ज्या हंगेरियन चित्रपटात आहे, त्या झोल्तान फाब्री यांच्या १९६१ च्या चित्रपटात खेळाडूंना शेवटी गोळ्या घातल्या जातात, तेव्हा त्या बाजूला फिरकू नये. आणि युक्रेनमधले कीव शहर तर नकोच. ९ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे बेकरीत काम करणाऱ्या फुटबॉलपटूंच्या ‘स्टार्ट’ संघाने जर्मनांच्या ‘फ्लाकएल्फ’ला ५-३ असे हरवले. त्याच दिवशी जर्सीसकट त्यांना गोळ्या घातल्या, अशी दंतकथा पुढे सोव्हिएत काळात रंगली. प्रत्यक्षात ते आठवड्याभराने आणखी एक सामना खेळले आणि तो ८-० असा जिंकले. मग गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना उचलले. एक जण छळाखाली मेला, आणि १९४३ च्या फेब्रुवारीत सिरेत्सच्या छावणीत आणखी तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतला एक गोलरक्षक त्रुसेविच होता.

म्हणून पहिल्या दिवशीच्या त्या चौकशीत पेलेनंतर लगेच दिग्दर्शकाचे नाव विचारावे.