खरा प्रश्न शनीच्या बर्फाचा आहे

शनीच्या कड्यांवरील लेखात त्यांचे वर्णन उत्तम आहे. मात्र त्याच लेखातील ‘गुरूला कडी नाहीत’ हे विधान दुरुस्त करायला हवे. गुरूची कडी व्हॉयेजर-१ यानाने १९७९ मध्ये टिपली. आतल्या लहान उपग्रहांवर सूक्ष्म उल्का आदळून उडालेल्या धुळीची असल्यामुळे ती अत्यंत विरळ आणि अंधूक आहेत. युरेनसची कडी १९७७ मध्ये ताऱ्याच्या पिधानातून, म्हणजे ग्रह समोरून जाताना तारा झाकला गेल्याने, उघडकीस आली (तामिळनाडूतील कावलूर वेधशाळेतूनही ते पिधान पाहिले गेले होते), आणि नेपच्यूनलाही कडी आहेत.

तेव्हा प्रश्न उरतो तो शनीचीच कडी एवढी ठसठशीत का, हा. ती जवळजवळ संपूर्णपणे पाण्याच्या बर्फाची असल्याने सूर्यप्रकाश भरपूर परावर्तित करतात, आणि शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या मोजमापानुसार त्यांचे वस्तुमान शनीच्याच मायमस या उपग्रहाच्या सुमारे ४० टक्के भरते. एवढा बर्फ येण्यासाठी एखादा बर्फाळ पिंड रोश मर्यादेच्या आत, म्हणजे ग्रहाचे भरतीबल (पिंडाच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवरील ओढीतील फरक) पिंडाच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणावर मात करते अशा अंतरावर, येऊन फुटला असावा, असे एक प्रमुख मत आहे.

मग गुरूला अशी भव्य कडी का नाहीत? त्याचे चार मोठे उपग्रह विस्तीर्ण कडी टिकू देत नाहीत, असे २०२२ मधील संगणकीय प्रतिरूपांतून दिसले. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण शनीची मुख्य कडी ग्रहाच्या अगदी जवळ आहेत, आणि तितक्या जवळ गुरूपाशी मुळात बर्फ पोहोचला होता का, हे त्यातून ठरत नाही.