काका, तुमच्या मोगऱ्याबद्दल

नमस्कार काका. तुम्ही लिहिलंत की ठिबक शेतातच शोभतं, नागपूरच्या उन्हात गच्चीवरच्या कुंड्या थेंबांवर जगत नाहीत, त्यांना मगानेच पाणी घालावं लागतं. ठिबकबद्दल मी लिहिलेलं वाचून ते रोज वीस मिनिटं चालवलंत आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आतच बारा वर्षांचा मोगरा वाळला. वाचून जीव हळहळला. यात माझी चूक आहे. मी मिनिटं लिहिली, लिटर लिहिले नाहीत.

नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या ड्रिपरवर 4 लिहिलेलं असतं ते ताशी 4 लिटर, आणि तेही एक बार दाब असला तर. त्यासाठी टाकी कुंड्यांपेक्षा दहा मीटर उंच हवी. आपल्या गच्चीवरची टाकी असते जेमतेम तीन मीटर वर. तेवढ्या दाबात तोच साधा ड्रिपर ताशी दोन लिटरच्या आसपास देतो, म्हणजे वीस मिनिटांत पाऊण लिटरसुद्धा नाही. मे महिन्यात एवढ्या जुन्या मोगऱ्याचं त्यात काय भागणार! टाकीजवळच्या आणि अगदी टोकाच्या ड्रिपरखाली एकेक भांडं ठेवा, पंधरा मिनिटांनी पाणी मोजा. मिनिटं त्यावरून ठरवायची.

दुसरं, तुम्ही म्हणता कुंडीखालून पाणी वाहत होतं, तरी झाड सुकलं. माझ्या जास्वंदीचं अगदी असंच झालं होतं. माती एकदा कडक वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. माझ्या कुंडीत करंगळीचं नख जाईल एवढी फट होती आणि ड्रिपर नेमका तिच्याशी. पाणी फटीतून सरळ खाली. मधे बोट खुपसलं, तर दोन पेरांवर नुसता भुगा. मग खुरप्याने फट बुजवली, पाण्याच्या मगाने थोडं थोडं करत तीनदा पाणी जिरवलं, खोडापासून चार बोटं सोडून दोन बाजूंना दोन ड्रिपर लावले आणि वर वाळल्या पाल्याचा थर दिला. पाण्याचा मग हवाच, हे तुमचं म्हणणं इथे मला पूर्ण मान्य आहे. कोरड्या ठाक मातीला आधी हातानेच भिजवावं लागतं.

दुपारी मात्र ठिबक चालवू नका. तापलेल्या स्लॅबवर पडलेल्या वीस मीटर काळ्या नळीत तीनेक लिटर पाणी असतं, आणि ते पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम येतं. मी पहाटे साडेपाचला सुरू करते.

ड्रिपरची छिद्रं बुजतात, हेही खरंय. बोअरच्या पाण्याने तर पांढरी खपली धरते. टाकीपाशी जाळीचा फिल्टर, दर रविवारी नळीचं टोक उघडून धार सोडणं आणि ड्रिपर रात्रभर लिंबूसताच्या पाण्यात, एवढं करावंच लागतं.

तरी मी ठिबक सोडत नाही. 2019 च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं आणि शहरात दिवसाआड पाणी आलं, तेव्हा पाइपने घातलेलं किती पाणी नुसतं गच्चीच्या मोरीत जातं ते मी उभी राहून बघितलं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मोगरा उपटू नका इतक्यात. बुंध्याची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं, तर वाळक्या फांद्या हिरव्यापर्यंत छाटा, कुंडी सावलीत ओढा आणि मला कळवा. नसेल दिसत, तर पाऊस लागला की माझ्या मोगऱ्याची एक फांदी मातीत दाबून ठेवते. मुळं धरली की ते रोप तुमचं.