शुश्रूषा उपजत असते, असे म्हणणाऱ्यांसाठी

१२ मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन, जवळ आला की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो: शुश्रूषा हा स्त्रीचा उपजत गुण असल्याने नर्सिंग हे बायकांचेच क्षेत्र, त्यात आलेला पुरुष म्हणजे डॉक्टर होता न आलेला माणूस, आणि ‘सिस्टर’ या हाकेत जो मान आहे, तो कुठल्याही पदात नाही.

आधी उपजतपणाचे पाहू. चरकसंहितेने परिचारकाचे चार गुण सांगताना रुग्णाविषयीचा अनुराग त्यांत जरूर घेतला, पण पहिले स्थान दिले ते उपचारज्ञतेला, म्हणजे शुश्रूषेच्या ज्ञानाला. प्रौढ हृदयरुग्णाला डिगॉक्सिन या ठोके मंदावणाऱ्या औषधाची गोळी देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि ते ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. त्यासाठी जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे घालवावी लागतात. गुण उपजत ठरला की या शिक्षणाचे मोल उरत नाही, आणि जे निसर्गाने फुकट दिले त्याला पगार तरी किती द्यायचा, हा हिशेब ओघानेच येतो. या कौतुकातली खरी गोम मला इथे दिसते.

क्षेत्र बायकांचे झाले त्यात निसर्गापेक्षा नियमांचा हात मोठा आहे. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने पुरुष परिचारकांची नोंद वेगळ्या यादीत ठेवली आणि रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने त्यांना सभासदत्व दिले ते थेट १९६० साली. आपल्याकडे एम्सच्या भरतीत नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवल्या गेल्या. दार अर्धे लावून घ्यायचे आणि आत पुरुष कमी का, याचे उत्तर स्वभावात शोधायचे, हे काही पटत नाही.

डॉक्टर होता न आलेल्यांविषयी एवढेच, की तशा मुलीही वर्गात असतात. त्यांना ‘डॉक्टर का झाली नाहीस?’ असे कोणी विचारत नाही.

राहिली ‘सिस्टर’ ही हाक. शासकीय दप्तरात पदाचे नाव अधिपरिचारिका आहे, वर परिसेविका आणि अधिसेविका आहेत. पण वॉर्डात या साऱ्याजणी सिस्टरच, आणि त्याच पदावरच्या पुरुषाला मात्र नातेवाईक बिनदिक्कत ‘डॉक्टर’ म्हणतात. हाकेत आपुलकी नसते असे नाही. तिचा परिणाम मात्र जिला हाक मारली जाते तिच्या बोलण्यात ऐकू येतो. सकाळपासून चार वेळा रक्तदाब तिनेच मोजलेला असतो, तक्त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेला असतो, आणि मुलाने “बाबांचं बीपी आता कसं आहे?” असे विचारले की ती म्हणते, “मी नुसती सिस्टर आहे, डॉक्टरांना विचारा.”