लायसन्स मिळालं, आता गाडी कधी शिकणार?

खड्ड्यांवर पुण्यात सगळेच लिहितात, माझंही भरपूर लिहून झालंय. आज ड्रायव्हिंग क्लासवर.

परवा भाचीच्या क्लासच्या गाडीत मागे बसून गेलो होतो. क्लच-ब्रेक सरांच्या पायाखाली, पोरीच्या हातात नुसतं स्टिअरिंग. कर्वे रोडच्या गर्दीत गाडी एकदाही बंद पडली नाही. पडणार कशी, ती चालवत होती कुठे? डावा आरसा सरांनीच मिटून ठेवलेला, "घासतो हो" म्हणून. हायवेला कधी नेणार, विचारलं. म्हणाले, "काका, टेस्टला हायवे नसतो."

बरोबरच आहे. ट्रॅकवर आठचा आकडा काढा, चढावर गाडी मागे येऊ देऊ नका, रिव्हर्स दाखवा, पास. लर्निंगची परीक्षा तर 2021 पासून घरबसल्या देता येते. समोर बसून उत्तरं कोण देतंय, देव जाणे.

मग हीच मंडळी पुण्याच्या बायपासवर, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर येतात. हा उतार गिअरमध्येच उतरायचा असतो. न्यूट्रल टाकून नुसत्या ब्रेकवर गाडी धरली की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. 20 नोव्हेंबर 2022 ला एका टँकरनं तिथे किती गाड्या चेपल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. रस्त्याची आखणी चुकलीय हे मान्य, शंभरदा मान्य. पण चांदणी चौकात एवढे पूल आणि रॅम्प बांधून ठेवलेत, तरी रॅम्प चुकला म्हणून भर वाहतुकीत रिव्हर्स घेणारे महाभाग आहेतच ना?

त्यांना टोकलं की ठरलेलं उत्तर: "टॅक्स भरतो!" भरतोच की सगळे. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी घेतली की 11 टक्के वाहनकर, एकरकमी. तो जातो राज्याकडे. मिळकतकराच्या बिलात पथकर (टोल नव्हे, रस्त्यांसाठीचा कर), तो महापालिकेकडे. बायपास महामार्ग प्राधिकरणाचा. खड्ड्याची तक्रार केली की "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य मात्र तिघांनाही पाठ.

माझं म्हणणं एवढंच, की त्या 11 टक्क्यांतला थोडा हिस्सा शिकवण्यावर घाला. घाटात, रात्री, पावसात, दोन्ही आरसे उघडे ठेवून गाडी चालवल्याची नोंद असल्याशिवाय पक्कं लायसन्स देऊ नका. उड्डाणपुलाच्या एका खांबाच्या खर्चात बरंच होईल.

कुणाच्या क्लासनं खरंच हायवेवर नेलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. फी किती घेतली तेही लिहा.