पऱ्हाटी पेटवायला निघालेल्यांना

"पऱ्हाटी, तुराट्या, कुटार वावरातच पेटवा. राखेत सगळं खत असते. हवेत गेलेला नत्र पावसासंगं परत येते. बोंडअळी मरते, युरियाचा खर्च वाचते." हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या मोठेबाबांपर्यंत तो पोचला आणि त्यांनी वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची, गंजीही जाळायला लावली. आता गप्प बसवत नाही.

नत्र (नायट्रोजन) पावसासंगं परत येतो म्हणे! कोणाच्या वावरात? पऱ्हाटी जळते तेव्हा तिच्यातला बहुतेक नत्र वायू होऊन उडतो, आणि त्याचा बराच भाग हवेतल्या साध्या नत्रवायूत जमा होतो. त्या वायूचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता. हवेत ७८ टक्के तोच आहे. एक हेक्टर वावरावर सुमारे ७५ हजार टन. तरी पेरणी झाली की आपण युरियासाठी रांग लावतोच ना? कारण त्या वायूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाच्या मुळाला ते सुटत नाहीत. ते सोडवते आभाळातली वीज, खताचा कारखाना आणि तूर-हरभरा-सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू. पावसातून थोडा नत्र उतरतो, पण तो हेक्टरी मोजक्या किलोंचा, आणि कोणी काही जाळलं नाही तरी येणाराच. तुरीची पानं गळून वावरात कुजतात तेव्हा जिवाणूंनी बांधलेला नत्र मातीत मुरतो, पुढच्या पिकाला मिळतो. हे फुकटचं खत पेटवायचं आणि मग ४५ किलोची गोणी विकत आणायची, जिच्यात नत्र असतो जेमतेम २१ किलो!

राखेत पालाश (पोटॅश), चुना, थोडं स्फुरद (फॉस्फरस) असतं, हे नाइलाजाने कबूल करतो. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात. तिथली जमीन आम्ल, तिला राख मानवते. आपली काळी जमीन मुळातच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, पालाश तिच्यात बहुधा पुरेसा. राखेने विम्लता आणखी वाढली तर जस्त आणि लोह पिकाला मिळणं अवघड होतं. आपल्या जमिनीत कमी आहे तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे काडीकचरा कुजून मातीत राहणारा कार्बन, आणि जाळल्यावर नेमका तोच धूर होऊन जातो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हावर खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथे रासायनिक खताला शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यांत कर्बही जास्त भरला आणि उत्पन्नही. ज्यांना पुरावा हवा, त्यांनी अकोल्याला जाऊन बघावं.

बोंडअळीचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचं काय केलं ते आपण भोगलं. फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा, हा सल्ला बरोबरच. पण अळी लपते ती उरलेल्या किडक्या बोंडांत. ती बोंडं वेचून तेवढीच जाळा.

पऱ्हाटी लवकर कुजत नाही, हेही खरं. तिच्यात कर्ब फार, नत्र कमी. अख्खी गाडली तर कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून आधी श्रेडरने बारीक करा, थरावर थर देऊन शेणकाला शिंपडा, ओल टिकवा, मधूनमधून ढीग पालटा. काळं, भुसभुशीत झाल्यावरच वावरात टाका.