बापाने वस्त्रे फाडली, मुलाने गुंडाळी

‘परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये’ हे वचन मंडळीतल्या पुढाऱ्याला प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरलेले मी अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटते. एन-गेदीच्या गुहेत तेलाने अभिषेक करून नेमलेला राजा शौल याचा जीव घेण्याची संधी चालून आली, तेव्हा दावीदाने ते उद्गार काढले होते. त्यांचा संबंध हत्येशी आहे, जाब विचारण्याशी नाही. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना त्याने उरीयाची बायको घेतली व उरीयाला मारवले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे त्याला समोरासमोर सुनावले, आणि राजाने आपले पाप कबूल केले.

इस्राएलात राजा मोशेच्या नियमशास्त्राच्या अधीन होता. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात त्याने घोडे, बायका आणि सोनेरुपे यांचा फार संचय करू नये, असे बजावले आहे. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्यापुढची आज्ञा: गादीवर बसल्यावर राजाने लेवी याजकांजवळच्या नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहावी आणि ती जन्मभर वाचत राहावी, म्हणजे आपल्या भाऊबंदांपुढे त्याचे मन उन्मत्त होणार नाही. तिथे शब्द ‘भाऊबंद’ असा आहे, ‘प्रजा’ असा नाही.

या आज्ञेची खरी कसोटी यहूदाचा राजा योशीया आणि त्याचा मुलगा यहोयाकीम यांच्या काळात लागली. इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मंदिराच्या दुरुस्तीच्या वेळी नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, आणि तो वाचून दाखवताच योशीयाने आपली वस्त्रे फाडली. यहोयाकीमाला मिसरच्या फारो नखोने गादीवर बसवले होते. त्याची खंडणी भरण्यासाठी राजाने लोकांवर कर बसवला. त्याच राजाने मजुरी न देता लोकांना राबवून गंधसरूच्या तक्तपोशीचा प्रशस्त वाडा उभारला. यिर्मया संदेष्ट्याने त्याला विचारले की, गंधसरूची चढाओढ केल्याने तू राजा ठरतोस काय? तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला. मला ओळखणे ते हेच नव्हे काय, असे परमेश्वर म्हणतो. देवाला ओळखण्याची इतकी स्पष्ट व्याख्या मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

पुढे यिर्मयाची वचने त्याचा लेखनिक बारूख याने गुंडाळीवर लिहून घेतली. नवव्या महिन्यात राजा शेगडीपुढे बसला असताना ती वाचली जात होती, आणि तीनचार रकाने वाचून होताच तो चाकूने तेवढा भाग कापून विस्तवात टाकत होता. काही सरदारांनी विनवूनही त्याने ऐकले नाही. बापाने वस्त्रे फाडली आणि मुलाने गुंडाळी, या दोन्हींसाठी मूळ हिब्रूत एकच क्रियापद आहे. शिवाय ‘त्यांनी आपली वस्त्रे फाडली नाहीत’ असेही तिथे मुद्दाम नोंदवले आहे. परमेश्वराच्या आज्ञेवरून बारूखाने सारा मजकूर दुसऱ्या गुंडाळीवर पुन्हा लिहिला आणि त्यात भरही पडली.

म्हणून यिर्मयाच्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायातले अभिवचन मी सुटे वाचू शकत नाही. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या नावाचा अर्थ ‘परमेश्वर माझी नीतिमत्ता’ असा होतो. हा राजा संदेष्ट्याला गुपचूप बोलावून वचन विचारी, परंतु सरदारांच्या भीतीने ते पाळीत नसे. दावीदाच्या वंशात उगवणारा जो नीतिमान अंकुर यिर्मयाने सांगितला, जो देशात न्याय व नीती चालवील, त्याचे नाव मात्र ‘परमेश्वर आमची नीतिमत्ता’ असे आहे.